मगदूमबाईंना कोण नेणार

रविवार, नोव्हेंबरातला तिसरा. सातारा, पोवई नाक्याजवळच्या एका पतसंस्थेच्या इमारतीतला वरचा हॉल. सकाळी दहा.

हजर: फौजेतून रिटायर झालेले जाधव हवालदार आणि त्यांची बायको शालनवहिनी. दातांचे डॉक्टर केदार आणि त्यांची बायको अमृता. किराणा दुकानवाले शहा नवरा-बायको. कन्याशाळेतल्या दोघी शिक्षिका. मी. बाकीचे लग्नांना गेलेले. तुळशीचं लग्न लागलं की आमचा वर्ग अर्धा रिकामा होतो. खाली गाडीत, काच उतरवून पेपर वाचत बसलेले अप्पा मगदूम. आणि हॉलमध्ये भिंतीला पाठ टेकून पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या बांधणाऱ्या पद्मजा मगदूम, ज्यांना साताऱ्यात आणि सांगलीत आम्ही सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतो.

बाईंचा साताऱ्यातला हा शेवटचा वर्ग ठरला. त्या दिवशी तसं कुणाला वाटलं नव्हतं, त्यामुळे कुणी फोटोही काढला नाही. हजेरी माझ्याकडे असते म्हणून नावं तरी आहेत. बाकीचं आठवतं तोवर लिहून ठेवते.

बाई साल्सा शिकवायच्या. हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं आणि प्रत्येकाने आधी बाईंच्या वयाची चौकशी केली. साठी उलटलेली. सुती सहावारी साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, केसांचा छोटा अंबाडा, आणि पायांत ते बूट. तासगावच्या बेदाण्याच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या बाईने हे शिकवावं यात आम्हाला जेवढं नवल वाटे तेवढं बाईंना अजिबात वाटत नसे. त्या पाचगणीच्या एका मुलींच्या निवासी शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. तिथे कुणी परदेशातून आलेल्या नाटकाच्या बाई काही काळ राहिल्या आणि स्नेहसंमेलनासाठी त्यांनी हा नाच बसवला. शाळेत सगळ्या मुली. जोड्या लावायच्या तर निम्म्या जणींनी पुरुषाची बाजू घ्यायची. शिक्षिकांमध्ये सगळ्यात उंच मगदूमबाई. त्या पुरुष झाल्या, आणि मग नोकरी संपेपर्यंत झाल्याच.

साल्सा हा दोघांचा नाच. एकजण नेतो, दुसरी त्याच्याबरोबर जाते. पुढे काय करायचं ते नेणाऱ्याने ठरवायचं आणि तोंडाने न सांगता कळवायचं. हातातून, समोरचीच्या पाठीवर ठेवलेल्या तळव्यातून, स्वतःचं वजन या पायावरून त्या पायावर टाकून. याला लीड म्हणतात. बाई लीड शिकवायच्या. पावलं सगळेच शिकवतात, मोबाइलवर बघूनही येतात, असं त्यांचं मत होतं. “पायाचं काय, पाय शिकतोय आपसूक,” त्या म्हणायच्या. “माणसाला न्यायचं कसं ते कुणी शिकवत न्हाई.”

शनिवारी संध्याकाळी सांगलीत वर्ग, रविवारी सकाळी साताऱ्यात. जैन घर, दिवेलागणीनंतर बाई काही खात नसत, म्हणून सांगलीचा वर्ग त्या जेवून आल्यावर सुरू होई आणि साताऱ्याचा अशा बेताने संपे की उजेडात तासगाव गाठता यावं. आम्ही त्यांच्यासाठी डबे न्यायचो ते कांदा-बटाटा वगळून. गाडी बाईंचे यजमान अप्पा चालवायचे. वर मात्र ते कधी आले नाहीत. सुरुवातीला मी त्यांना बोलवायला खाली गेले होते. “मी बसतो हितंच,” ते म्हणाले. “गाडीत माल हाय.” गाडीत मला तरी पाण्याची बाटली आणि पेपर सोडून काही दिसलं नाही.

माझं सांगायचं तर मी नवऱ्याबरोबर नाव घातलं होतं. ते तिसऱ्या रविवारपासून यायचे बंद झाले. फी भरलेली, त्यामुळे मी चालू राहिले. जोडीदार नसलेल्या माणसाला वर्गात काहीतरी काम हवं, म्हणून मी हजेरी, हॉलची किल्ली आणि गाण्यांचा फोन सांभाळायला लागले. जो रिकामा असेल त्याच्याबरोबर नाचायचं. अशी मी कडेला उभी असायची आणि म्हणून मला जास्त दिसायचं.

पहिल्या महिन्यात बाईंचा सगळा झगडा पुरुषांच्या हातांशी चाले. आमच्याकडचा पुरुष कुठलीही गोष्ट धरतो ती निसटू नये म्हणून. बैलाचा कासरा असो, एसटीच्या दारातला दांडा असो. शहांनी पहिल्या दिवशी बायकोचा हात असा धरला की तिच्या बांगड्या मनगटात रुतल्या. बाईंनी त्यांना काही म्हटलं नाही. पुढच्या रविवारी त्या घरून भाजलेले उडदाचे पापड घेऊन आल्या. प्रत्येक जोडीला एक. नवऱ्याचा तळवा, मध्ये पापड, बायकोचा तळवा, आणि तसंच मागे-पुढे चालायचं. जोर केला की पापड मोडणार, सोडला की पडणार. हॉलभर कडाकड आवाज. जाधव हवालदारांनी तर बदली दिलेलेही ओळीने सगळे मोडले.

“मॅडम, हा माल कच्चा हाय,” ते म्हणाले.

“माल चांगला हाय,” बाई म्हणाल्या. “तुमी बंदूक धरलीय. बायकू धरा.”

शालनवहिनी हसता हसता खाली बसल्या. तुकडे गोळा करून आम्ही चहाबरोबर खाल्ले. पण ती युक्ती कामाला आली. महिनाभरात शहांच्या हातातून पापड आख्खा परत यायला लागला. ओढू नका हे बाई वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहायच्या. त्यातलं एक मला पाठ झालं आहे. ओढलं की बाई येते, पण नाचत न्हाई.

खरी अडचण नंतर निघाली, आणि ती आमच्याच भागातली असावी असं मला वाटतं. आम्ही सगळे पाढे म्हणून, कविता घोकून, गाइडं वाचून पास झालेली माणसं. बाईंनी ज्या क्रमाने फिरक्या शिकवल्या त्या क्रमाने आम्ही त्या पाठ केल्या. आधी साधी पावलं, मग तिला उजवीकडून फिरवणं, मग जागा बदलणं, मग हात डोक्यावरून घेणं. गाणं लागलं की सगळे पुरुष तोच क्रम लावायचे आणि सगळ्या बायकांना तो ठाऊक असायचा. पाहुण्याला वाटावं की काय सुंदर जमलं आहे, दहा जोड्या एका वेळी वळताहेत. मुलं शाळेत कवायत करतात तसं.

गणपतीत एका मंडळाने आम्हाला नाच करायला बोलावलं. टाळ्या पडल्या. जाधवांना कुणी हारही घातला. बाई मात्र खुर्चीवर बसून पायाचे बूट बघत होत्या. पुढच्या रविवारी त्यांनी सांगितलं की बायकांनी डोळे मिटायचे आणि पुरुषांनी क्रम मोडायचा. दोन मिनिटांत वर्गाची दशा झाली. केदार मधेच थांबून विचार करायला लागले. शहा नवरा-बायको एकमेकांवर आदळले. जाधव उभेच. त्यांचा हात अजून खाली होता आणि शालनवहिनी डोळे मिटून एकट्याच गर्रकन वळून मोकळ्या झाल्या होत्या.

बाईंनी गाणं थांबवायला सांगितलं. “वहिनी, त्यांनी विचारलं का तुम्हाला?”

“न्हाई.”

“मग वळलात कशा?”

शालनवहिनी जराशा ओशाळल्या. “आता हेच येणार म्हाईत हाय की ओ बाई. घरी चहा मागायच्या आदी देते मी. सवय लागलीय.”

“चहा द्या,” बाई म्हणाल्या. “वळू नका.”

मग त्या आमच्या सगळ्यांकडे वळल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या की तुम्ही वर्षभर नाचलाच नाही, पाठांतर म्हणून दाखवलं. नेणाऱ्याने विचारलं नाही आणि जाणारीने ऐकलं नाही. दोघांना उत्तर आधीच ठाऊक. मला ते लागलं. लागायचं कारण मी लिहीत नाही, ज्यांची लग्नं जुनी झाली आहेत त्यांना कळेल.

त्या दिवसापासून बाईंनी क्रम लावूनच दिला नाही. एकाला एक शिकवायच्या, दुसऱ्याला दुसरंच. बायकांना आधी काही सांगायच्याच नाहीत. “थांबा. वाट बघा. हात काय म्हणतोय ते येऊ द्या तुमच्यापतोर.” बायकांना हे फार जड गेलं. वाट बघण्यात आपण आळशी दिसतो असं आम्हाला वाटतं.

बाई स्वतः प्रत्येक बाईबरोबर नाचायच्या, पुरुषाच्या बाजूने. त्यांच्याबरोबर नाचताना मला पहिल्यांदा कळलं की लीड म्हणजे काय. त्यांचा हात माझ्या हाताखाली नुसता असायचा. त्या कुठे निघाल्या आहेत ते आधी त्यांच्या खांद्यात हलायचं, मग माझ्या पाठीवरच्या तळव्यात, आणि मी तिथे पोचलेली असायची. मधे भीतीला जागाच नसायची. घरी जाताना माझी पाठ सरळ झालेली असे. वर्गातल्या सगळ्या बायका हेच म्हणायच्या.

मग एकदा मी सहज विचारलं, “बाई, तुम्हाला कोण नेतं?”

आम्ही जिना उतरत होतो. बाई कठड्याला धरून थांबल्या. त्यांनी जे सांगितलं ते असं, की पाचगणीपासून त्या कायम पुरुषाच्याच बाजूला आहेत. आधी मुलींना न्यायला कुणी हवं म्हणून, मग शिकवायला लागल्या म्हणून. आपण ज्या गोष्टीसाठी लोकांच्या मागे लागतो ती समोरच्या बाजूने कशी लागते ते त्यांना ठाऊकच नव्हतं. “आंधळ्यानं मोतीबिंदूचं ऑपरेशन करावं तसं हाय माझं,” त्या म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत. “एकदा, ताई. एक गाणं पुरतं. कुणीतरी मला नीट न्यावं आनि पुढचं काय ते मला म्हाईत नसावं.”

मला काम मिळालं की मी ते करते. मी दुसऱ्याच रविवारी केदारना पुढे केलं. वर्गात सगळ्यात चांगला हात त्यांचा. दातांच्या डॉक्टरचा असायचाच. बाईंनी बूट घट्ट केले, डोळे मिटले. आम्ही भिंतीला लागून उभे राहिलो. केदार सुरेख नाचले, एकही पापड मोडला नसता. गाणं संपल्यावर बाईंनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “पोरगं गुणाचं हाय. पर माझाच हात मला परत दिला त्यानं. कुठं वळनार ते त्याच्या आदी मला कळायचं. मीच शिकवलंय न्हवं.”

हे मी आधी लक्षात घेतलं नव्हतं. सातारा आणि सांगली मिळून जेवढे लोक साल्सा नाचत होते ते सगळे बाईंचे. कुणाच्याही हातात हात दिला तरी पलीकडून बाईच निघणार.

म्हणून मी पुण्याच्या एका तरुण शिक्षकाला बोलावलं. तो एक दिवसाचं शिबिर घ्यायला आनंदाने आला. काळा शर्ट, केसांना चकचकीत काहीतरी लावलेलं, आणि नाचायला अप्रतिम. शेवटी मी त्याला म्हटलं, आमच्या बाईंना एक गाणं न्या. त्याने बाईंना असं फिरवलं की त्यांचा पदर सुटला. बाईंनी काही क्षण सोसलं. मग त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. नाचता नाचताच त्यांनी त्याचा कोपर खाली केला, त्याचं पाऊल लहान केलं, आणि बघता बघता तोच त्यांच्या मागे जायला लागला. गाणं संपेपर्यंत त्याचा चेहरा पडला होता. “मॅडम, तुम्हाला फॉलो करता येत नाही,” तो म्हणाला.

“खरं हाय,” बाई म्हणाल्या.

जाताना त्यांनी त्याला बेदाण्याची पिशवी दिली. पण त्या दिवशी खाली गाडीत त्या अप्पांशी एक अक्षर बोलल्या नाहीत, असं नंतर अप्पांनीच मला सांगितलं. मी तो विषय बंद केला.

आता त्या नोव्हेंबरातल्या रविवारचं.

शालनवहिनींचा पाय मुरगळला होता, त्या बाकावर बसलेल्या. जाधव एकटे. बाईंनी मला दोघी शिक्षिकांबरोबर आळीपाळीने नाचायला लावलं आणि जाधवांना म्हणाल्या, “चला, मला घ्या.” यामागे काही हेतू नव्हता. जाधव म्हणजे वर्गातला सगळ्यात कच्चा विद्यार्थी. मूळचे खंडाळ्याकडचे, फौजेतून येऊन साताऱ्यात घर बांधलेलं. क्रम मोडल्यापासून बिचारे हरवल्यासारखे झाले होते, प्रत्येक फिरकीनंतर बाईंकडे बघून विचारायचे, “मॅडम, नेक्स्ट?”

गाणं सुरू झालं. जाधवांनी जुना पाढा लावला, पहिली, दुसरी, तिसरी, आणि मला बाईंच्या चेहऱ्यावर तो कंटाळा दिसला जो त्या कधी दाखवत नसत. तेवढ्यात माझा फोन वाजला. गाणी माझ्याच फोनवर, त्यामुळे सगळं बंद. कुणी तरी कर्ज देऊ करत होतं. मी फोन कापला आणि गाणं परत लावलं.

बाकीच्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. जाधव मात्र अर्ध्यात अडकले होते. आपण कुठवर आलो होतो हे त्यांना आठवेना, आणि पहिल्यापासून सुरू करावं हे सुचेना. ते तसेच उभे राहिले, एक हात बाईंच्या पाठीवर, दुसऱ्यात बाईंचा हात. बाईंनी सांगण्यासाठी तोंड उघडलेलं मी पाहिलं. मग त्यांनी ते मिटलं.

ताल चालला होता. जाधवांनी वजन डाव्या पायावर टाकलं, परत उजव्यावर घेतलं, परत डाव्यावर. नुसतं उभ्या जागी झुलणं. बाई त्यांच्याबरोबर झुलल्या. मग जाधव हळूच बाजूला सरकले, आम्हाला कुणाला न शिकवलेलं एक पाऊल, आणि बाई गेल्या. ते थांबले की थांबल्या. फिरकी एकही नाही, काही नाही, दोन वयस्कर माणसं एका हॉलमध्ये इकडून तिकडे जात होती. बाकीच्या जोड्या एकेक करून थांबल्या. शालनवहिनी बाकावरून मान उंचावून बघत होत्या. बाईंचे डोळे मिटलेले होते, आणि बाईंचं तोंड इतकं सैल झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या कपाळावर दोन भुवयांमध्ये एक आठी कायम असे. ती नव्हती.

गाणं संपलं. जाधवांनी घाईने हात काढून घेतले आणि माफी मागायच्या बेतात उभे राहिले.

“पुढचं काय ते मला म्हाईत न्हवतं,” बाई म्हणाल्या.

“मॅडम, मलाबी न्हवतं,” जाधव म्हणाले.

बाई भिंतीला टेकल्या आणि कितीतरी वेळ हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग पदराने तोंड पुसून त्यांनी वर्ग पुढे घेतला. जाताना जिन्यात मला म्हणाल्या, “आता चटक लागली, ताई. आता वाईट हाय.”

पुढच्या रविवारपासून डिसेंबरभर हॉल रंगकामासाठी बंद होता. जानेवारीच्या सुरुवातीला अप्पांचा फोन आला. बाईंना सकाळी न्हाणीत चक्कर आली होती आणि उजवी बाजू गेली होती. सांगलीच्या दवाखान्यात त्या बरेच दिवस होत्या, मग तासगावला घरी आणलं. बोलणं शाबूत, पण सावकाश. हातात थोडी शक्ती आलेली. पाय उचलतो, पण टेकल्यावर त्यावर भार घ्यायला धजत नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने सांगून ठेवलं होतं की सकाळ-संध्याकाळ चालवायचं, समोरून दोन्ही हात धरून. पहिले काही महिने महत्त्वाचे. आता जेवढं चालणं येईल तेवढं येईल, मग अवघड होत जाईल.

मी, जाधव आणि शालनवहिनी भेटायला गेलो. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात. वाटेवर ट्रॅक्टर, शेडमध्ये जाळ्यांवर पसरलेली द्राक्षं, हवेत तो आंबूस गोड वास. धंद्याचे दिवस, पण अप्पा घरीच होते. माणसं शेडवर लावून ते अंगणात बाईंना चालवत होते.

बाईंच्या पायात साधी रबरी चप्पल होती. अप्पा त्यांच्याकडे तोंड करून उलटे चालत होते. दोन्ही मनगटं घट्ट धरलेली, नजर बाईंच्या पायांवर, आणि ते ओढत होते. उजवं पाऊल टेकायच्या आत पुढची ओढ यायची. बाईंचं वजन डाव्या बाजूवरून सुटायचंच नाही, सगळं शरीर पुढे झुकायचं, आणि ते झुकलं की अप्पा घाबरून आणखी जोरात ओढायचे. आम्ही तिघं फाटकात उभे. आम्हा तिघांनाही एकाच वेळी ते दिसलं.

जाधवच आधी बोलले. “अप्पा, ओढू नका.”

“मग सोडू काय?” अप्पा मागे न बघता म्हणाले. “पडली म्हंजे?”

बाईंना खुर्चीत बसवून ते चहाचं सांगायला आत गेले, तेव्हा मी बाईंजवळ स्टूल घेतलं. म्हटलं, बाई, तुम्ही सांगा ना त्यांना. आम्हाला आख्ख्या गावाला सांगितलंत. आधी वजन टाकू द्या, मग हात.

बाईंनी डोकं हलवलं. शब्द शोधायला त्यांना वेळ लागत होता आणि मी आधीच बोलून टाकण्याचा मोह आवरला.

“मी सांगितलं,” त्या म्हणाल्या, “तर लीड माझंच झालं. न्हाई का.” थोड्या वेळाने पुढे म्हणाल्या, “पाय माझा. हात त्येंचा. दोनी मी करायचं, तर मला कोन नेनार.”

“जाधव येतील. त्यांचा हात चालला होता तुम्हाला.”

“जाधव रोज येनार हायत व्हय? रोज हेच हायत.” आतून अप्पांचा आवाज येत होता, चहात साखर कमी घाला म्हणून ते कुणाला तरी बजावत होते. बाई तिकडे बघत राहिल्या. “तुमी शिकवा त्येंना. मला न विचारता.”

चहा झाल्यावर मी कामाला लागले. अप्पांना म्हटलं, पाच मिनिटं द्या, मी बाईंच्या जागी उभी राहते, तुम्ही मला चालवा, कुठे चुकतं ते दाखवते. मी हात पुढे केले. अप्पांनी आपले दोन्ही हात मागे घेतले.

“ताई, राग मानू नका,” ते म्हणाले. “हिच्याबिगर कुना बाईचा हात धरला न्हाई आजपतोर. आता ह्या वयात नको.”

मग मला कळलं की इतके दिवस ते गाडीत का बसत होते. वर आले असते तर जोड्या बदलाव्या लागल्या असत्या. बाईंनी कधी सांगितलं नाही, त्यांनीही नाही.

जाधव पुढे झाले. “माझा धरा, अप्पा. मी हाय बाप्या.”

अंगणात दोघं समोरासमोर उभे राहिले, एक धोतरात, एक पँटमध्ये. जाधवांनी बाईंसारखा उजवा पाय कच्चा असल्याचं सोंग घेतलं. अप्पांनी मनगटं धरली. मी सांगितलं, मनगटं नको, तळव्याखाली तळवा. सांगितलं, आधी तुमचा पाय हलू द्या, त्यांचा टेकू द्या, मग. अप्पा घामाघूम झाले, पण ऐकत होते. घोळ झाला तो वेगळाच. अप्पा निघाले की जाधव आधीच पुढे आलेले असायचे. फौजेत वाट बघायची शिकवण नाही. नाहीतर जागचे हलायचेच नाहीत, आणि मग जाधवच अप्पांना फिरवायला लागायचे. दोघंही नेणारे. जो जातच नाही त्याला न्यायला शिकायचं कसं?

शालनवहिनी म्हणाल्या, “जन्म गेला, माझ्या मागं एकदा चालाय जमलं न्हाई ह्यास्नी. आता हे अप्पांच्या मागं जानार.”

“जमंल,” जाधव गंभीरपणे म्हणाले. “शिकवलं तर जमंल.”

निघेपर्यंत उन्हं कलली होती. बाईंच्या जेवणाची वेळ होत आली म्हणून अप्पांनी त्यांना आणखी एकदा उभं केलं, खुर्चीपासून ओट्यापर्यंत न्यायला. आम्ही फाटकाबाहेर गाडीजवळ होतो, तिथून दिसलं तेवढं लिहिते. अप्पांनी या वेळी मनगटं धरली नाहीत, तळवे धरले. मग पुढे काय करायचं ते त्यांना आठवेना. ते उभे राहिले. बाईंना ठाऊक होतं. त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. एक शब्द पुरला असता. त्यांनी डोळे मिटले आणि उभ्या राहिल्या, वारा आला तर पडतील अशा, अप्पांच्या हातांवर दोन्ही हात ठेवून. मग अप्पांनी ओढलं.

घरी येऊन मी कामाची यादी केली. वॉकर बघायचा होता, तो बघून झाला. साताऱ्याचा वर्ग केदार आणि अमृता चालवतील, त्यांच्याशी बोलणं झालं. सांगलीकरांना कळवून झालं. व्यायामाच्या मुलीशीही फोनवर बोलले. ती म्हणाली, तुमचं बरोबर आहे, पण घरच्या माणसालाच ते यायला हवं, आणि लवकर.

राहिलं आहे ते एक. अप्पांना न्यायला शिकवायचं तर त्यांच्यापुढे जाधव हवेत, आणि जाधवांना आधी दुसऱ्याच्या हाताने जायला शिकवायला हवं. ते मला येतं. वर्गात मी बहुतेक वेळ तेच केलं आहे. दोन रविवार मी आणि जाधव रिकाम्या हॉलमध्ये भेटलो. डोळे मिटा म्हटलं की ते मिटतात, थांबा म्हटलं की थांबतात, आणि माझा हात हलायच्या आत त्यांचं पाऊल पडलेलं असतं. येत्या रविवारी पुन्हा बोलावलं आहे. अजून जमलेलं नाही.